गाणं आरोपीच्या पिंजऱ्यात

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ची कथा मुंबईत घडते. चाळीच्या आवारातला मंच, लोकलचा डबा, सत्र न्यायालयाची मळकट खोली, सगळं मुंबईचं. तरीही हा चित्रपट सर्वांत आधी कोणत्या शहराने आपला म्हणायला हवा, असं कुणी विचारलं तर मी नाशिकचं नाव घेईन. गाण्यावर आणि कवितेवर खटला भरला की पुढे काय काय होतं, हे या शहराने स्वतःच्या अंगणात पाहिलेलं आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. नारायण कांबळे हा उतारवयातला लोकशाहीर. घरी मुलांच्या शिकवण्या घेतो, संध्याकाळी वस्त्यांमधून गातो. अशाच एका कार्यक्रमात, गाणं चालू असताना पोलीस येतात आणि त्याला घेऊन जातात. आरोप असा की त्याने एका वस्तीत गाणं म्हटलं, त्या गाण्यात गटारात उतरणाऱ्या कामगारांनी गुदमरून जीव द्यावा असा आशय होता आणि ते ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. भारतीय दंड संहितेचं कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणं. नवीन भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक १०८ झाला आहे. बाकी सगळा चित्रपट म्हणजे या खटल्याच्या तारखा आणि त्या तारखांच्या मध्ये वकील आणि न्यायाधीश जगत असलेलं त्यांचं आयुष्य.

आता नाशिककडे या. १९०९ साली याच शहरात विनायक सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव सावरकर यांच्यावर खटला चालला तो कविता छापल्याबद्दल. त्या काव्यमालेमागे कवी गोविंद होते, गोविंद त्र्यंबक दरेकर, ज्यांना पुढे महाराष्ट्राने स्वातंत्र्यकवी म्हटलं. शिवाजी महाराजांच्या आणि पुराणांतल्या देवदानवांच्या आडून या ओळी इंग्रज सरकारविरुद्ध युद्धाला चिथावणी देतात, असं सरकारचं म्हणणं होतं. नाशिकच्या सत्र न्यायालयाने बाबारावांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा दिली. उच्च न्यायालयात अपील फेटाळलं गेलं. त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या रात्री विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग असताना अनंत कान्हेरे यांनी बाबारावांच्या शिक्षेचा सूड म्हणून कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि एप्रिल १९१० मध्ये ते आणि त्यांचे दोन साथीदार फासावर गेले. हा इतिहास इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. पण त्या साखळीची पहिली कडी कवितेवरचा खटला होती, हे सांगताना आपण घाई करतो आणि थेट गोळीबारावर येतो.

दुसरीकडे, याच नाशिकने आंबेडकरी जलसा, म्हणजे गाण्यांतून बाबासाहेबांचा विचार सांगणारा कार्यक्रम, पोसला. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. त्या काळात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी चळवळ गावोगाव नेली ती गाण्यातूनच. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक हयातभर गात हिंडले. ज्या माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्याच्यापर्यंत बाबासाहेब पोचले ते वामनदादांच्या आवाजात. 'कोर्ट'मधला नारायण कांबळे हा या परंपरेतला माणूस आहे. त्याच्यासाठी संभाजी भगतांनी बांधलेली गाणी ऐकताना डफाच्या पहिल्या थापेलाच ते कळतं.

म्हणजे नाशिकमध्ये गाण्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या दोन परंपरा आहेत. एकीला बाबाराव आणि कवी गोविंद आपले वाटतात, दुसरीला वामनदादा. या दोन्ही परंपरांचे अभिमानी एका सभागृहात क्वचितच बसतात. 'कोर्ट' पाहायला मात्र दोघांनी शेजारी बसायला हवं, कारण हा चित्रपट जो प्रश्न विचारतो तो दोघांचाही आहे: ऐकणाऱ्याच्या कृतीसाठी गाणाऱ्याला तुरुंगात टाकता येतं का, आणि येत असेल तर ते कुणी, कोणत्या पुराव्यावर ठरवायचं?

यावर एक आक्षेप येईल हे मला माहीत आहे. बाबाराव परक्या सत्तेशी लढत होते. कांबळे स्वतंत्र देशात, संविधानाखाली गातो. दोघांना एका तराजूत कसं घालता? मी तराजूत घालतच नाही. दोघांचे विचार वेगळे, काळ वेगळा, हेतूही वेगळे. माझा मुद्दा यंत्रणेबद्दलचा आहे. १९०९ मधल्या न्यायालयाला कवितेचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावण्याची मुभा होती, कारण ते न्यायालय राज्यकर्त्याचं होतं. संविधान आल्यावर ती मुभा संपायला हवी होती. 'कोर्ट'मध्ये ती संपलेली दिसत नाही. म्हणून आजचा प्रश्न जास्त अवघड आहे. परक्या सरकारने कवीला शिक्षा दिली तर आपण त्या सरकारला दोष देऊन मोकळे होतो. आपल्याच न्यायालयाने दिली तर दोष कुणाला द्यायचा?

ताम्हाणे यांचं मोठेपण मला इथे दिसतं. या प्रश्नाला ते खलनायक देत नाहीत. सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, हिला दुष्ट दाखवणं फार सोपं होतं. ती कागदावरून कलमं वाचते, न थांबता, जणू वीजबिलाचे आकडे सांगावेत तशी. तेवढंच दाखवलं असतं तर आपण तिचा राग करून घरी गेलो असतो. पण कॅमेरा तिच्याबरोबर न्यायालयाबाहेर पडतो. ती लोकलमध्ये सहप्रवासी बाईशी साडीबद्दल बोलते, नवऱ्याच्या मधुमेहासाठी कोणतं तेल वापरावं याची चौकशी करते, मुलाला पाळणाघरातून घेते, घरी येऊन कणीक मळते, सगळ्यांना वाढते आणि मग कागद काढून बसते. ही बाई आपल्याला माहीत आहे. कॉलेज रोडला, सिडकोत, नाशिकरोडला ती आपल्या इमारतीत राहते. तिच्याबद्दल आपुलकी वाटू लागते. आणि मग कधीतरी सहकाऱ्यांबरोबर बसलेली असताना ती सहज बोलून जाते की तेच तेच चेहरे पाहून कंटाळा आला, न्यायाधीशांनी एकदाची वीस वर्षं द्यावीत आणि मोकळं व्हावं. तिच्या आवाजात द्वेष नसतो. दिवसभर राबलेल्या बाईचा थकवा असतो. एका म्हाताऱ्या शाहिराची वीस वर्षं त्या थकव्यात विरघळून जातात.

हे पाहताना मला जितकं अस्वस्थ वाटलं तितकं कुठल्याही क्रूर पोलीस अधिकाऱ्याच्या मारहाणीच्या दृश्याने वाटलेलं नाही. मारहाण करणारा आपण नाही, असं म्हणता येतं. नूतन आपण नाही, असं म्हणता येत नाही.

सुट्टीच्या दिवशी नूतनचं कुटुंब मराठी नाटकाला जातं, तो प्रसंगही असाच. नाटकात मुलगी परप्रांतीय मुलाला लग्नासाठी घरी घेऊन येते, बाप त्याला हाकलून देतो आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणतं. कालिदास कलामंदिरात किंवा परशुराम साईखेडकर नाट्यगृहात ज्याने सुट्टीचा दुपारचा प्रयोग पाहिला आहे त्याला ते हशे आणि त्या टाळ्या ओळखू येतील. त्या रंगमंचावरच्या शब्दांवर कुणी खटला भरत नाही. एका समूहाविरुद्ध उघड राग भरवणारे ते शब्द करमणूक ठरतात. गटारात मरणाऱ्यांविषयीचं गाणं मात्र गुन्हा ठरतं. ताम्हाणे ही तुलना कुणाच्या तोंडून वदवून घेत नाहीत, दोन्ही गोष्टी आपल्यासमोर ठेवतात आणि पुढे जातात. मराठी प्रेक्षकाला त्याच्याच प्रेक्षागृहात बसवून हे दाखवायला धैर्य लागतं.

आता चित्रपटाच्या गाभ्याकडे. माझ्या लेखी तो गाभा म्हणजे वासुदेव पवारच्या बायकोची, शर्मिलाची साक्ष. उषा बाणे यांनी ती भूमिका केली आहे, आणि केली आहे असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, इतकं ते खरं आहे. कांबळेचा वकील विनय व्होरा तिला प्रश्न विचारतो. नवऱ्याचं वय किती? तिला माहीत नाही. दारू प्यायचा का? रोज. का? घाण सहन व्हावी म्हणून. एक डोळा आधीच गेलेला होता, गटारातल्या वायूने. सुरक्षेची साधनं काय द्यायचे? काही नाही. आत प्राणवायू आहे की नाही हे त्याला कसं कळायचं? तो आत खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर येतं का बघायचा. झुरळ आलं तर उतरायचं.

या उत्तरांनंतर आत्महत्येचा आरोप उभाच राहू शकत नाही. आत प्राणवायू आहे का ते तपासून उतरणारा माणूस मरायला उतरत नाही. पण खरा प्रश्न इथून सुरू व्हायला हवा होता: त्याला साधनांशिवाय उतरवलं कुणी? हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरणाऱ्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यायला सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. ती वाढवावी लागली यावरूनच कळतं की माणसं मरायची थांबली नव्हती. त्या न्यायालयात हा प्रश्न कुणी विचारत नाही. खटला गाण्यावर आहे ना, मग मृत्यूची चौकशी तिथे कशाला? गाण्याला आरोपी केलं की खरा आरोपी शोधावा लागत नाही. माझ्या मते संपूर्ण चित्रपटाचं म्हणणं या एका साक्षीत आहे आणि म्हणूनच ती साक्ष इतकी रुक्ष, इतकी सपाट ठेवली आहे. शर्मिला रडत नाही. पार्श्वसंगीत नाही. न्यायाधीश तिचं मराठी बोलणं ऐकतात, त्यातलं हवं तेवढं इंग्रजीत सांगतात आणि ते टंकलेखनात जातं. खडा आणि झुरळ यांची कागदावर एक ओळ होते.

चित्रपट संथ आहे ही तक्रार एप्रिल २०१५ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हापासून ऐकतो आहे. कॅमेरा हलत नाही, माणसं दूर दिसतात, दृश्य संपलं तरी चालूच राहतं. हे सगळं बरोबर आहे आणि ते तसंच असायला हवं. आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांनी न्यायालय म्हणजे आवाज, टेबलावर आपटलेली मूठ आणि शेवटच्या क्षणी धावत येणारा साक्षीदार असं चित्र मनात ठसवलं आहे. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकासमोरच्या जिल्हा न्यायालयात कधी दिवसभर बसून पाहा. पुकारा होतो, कुणी हजर नसतं, कुणाचे कागद यायचे असतात, पुढची तारीख पडते. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याहून पहाटे निघून आलेला माणूस दोन मिनिटं उभा राहतो आणि परत जातो. मृणाल देसाई यांचा कॅमेरा त्या खोलीत मागच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या जागी ठेवलेला आहे. त्याला जवळ जाता येत नाही, मध्येच उठता येत नाही, काय चाललंय ते अर्धं ऐकू येतं. हा वेग कमी केला नसता तर कांबळेची शिक्षा आपल्याला कळलीच नसती, कारण निकाल लागायच्या आधीच ती भोगून होत असते. जामीन नाकारला जातो, तब्येत ढासळते, महिने जातात. शेवटी जामीन मिळतो, म्हातारा बाहेर येतो, पुन्हा गातो, आणि पुन्हा अटक होते, या वेळी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, ज्यात जामीन आणखी दुरापास्त. या सगळ्यात कुणीही कायदा मोडलेला नाही. पोलीस, वकील, न्यायाधीश, सगळे नेमून दिलेलं काम करत असतात.

मी या दिग्दर्शकाचा चाहता आहे, तरी एका ठिकाणी मला त्याच्याशी वाद घालावासा वाटतो. कॅमेरा व्होराच्या घरी जातो, त्याच्या सुखवस्तू गुजराती आईवडिलांकडे जातो, नूतनच्या स्वयंपाकघरात जातो, न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो. शर्मिलाच्या घरी तो जात नाही. यामागचा विचार मला कळतो: न्यायालयात ज्यांच्या हातात काही आहे त्यांचंच बाहेरचं आयुष्य दाखवायचं, आणि उरलेल्यांना न्यायालय जितकं पाहतं तितकंच आपणही पाहायचं. रचना म्हणून ती चोख आहे. साक्षीनंतर व्होरा शर्मिलाला गाडीतून सोडतो, पैसे देऊ करतो, ती काम मागते, आणि गाडीचं दार बंद होताच ती चित्रपटातून निघून जाते. मला वाटतं इथे ताम्हाणेंनी स्वतःचा नियम एकदा मोडायला हवा होता. व्होरा महागड्या दुकानातून खरेदी करताना जितका वेळ दिसतो त्याच्या अर्धा वेळ शर्मिलाच्या दारात गेला असता तर चित्रपटाचं काही बिघडलं नसतं. दूर राहण्याचा प्रामाणिकपणा कधीकधी दूर राहण्याची सवय होतो, आणि मध्यमवर्गीय दिग्दर्शकाला, तसाच मध्यमवर्गीय प्रेक्षकाला, त्यापासून जपायला हवं.

न्यायाधीशांच्या सहलीबद्दल मात्र माझी काहीही तक्रार नाही. उन्हाळी सुट्टी लागते, न्यायालयाची खोली बंद होते, दिवे जातात, पडदा काळा होतो. पुष्कळांना तिथेच चित्रपट संपायला हवा होता असं वाटतं. पण मग प्रदीप जोशी यांचे न्यायाधीश सदावर्ते आपल्याला रिसॉर्टवर भेटतात. बोलायला न लागलेल्या मुलाच्या बापाला ते अंकशास्त्राप्रमाणे नाव बदलायचा आणि अंगठी घालायचा सल्ला देतात. बाकावर डुलकी लागते, मुलं येऊन ओरडून त्यांना दचकवतात, सगळी पळतात, एक सापडतं, त्याच्या थोबाडीत बसते. पोर रडत जातं, साहेब पुन्हा झोपतात. काळ्या पडद्यावर संपला असता तर आपण एका अमूर्त 'व्यवस्थेला' दोष दिला असता. इथे कळतं की व्यवस्था म्हणजे माणूस, आणि तो माणूस न्यायासनावर बसतो तेव्हा अंगठी, अंकशास्त्र आणि थोबाडीत मारायचा हात घरी ठेवून येत नाही.

परदेशी महोत्सवांसाठी केलेला चित्रपट, हाही एक शेरा. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात २०१४ मध्ये 'कोर्ट'ला ओरिझोंती विभागातला सर्वोत्तम चित्रपटाचा आणि पदार्पणासाठीचा असे दोन्ही पुरस्कार मिळाले, तेव्हा ताम्हाणे सत्तावीस वर्षांचे होते. मग राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ, मग ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका. त्यांच्या पुढच्या, २०२० च्या 'द डिसायपल' या चित्रपटाला व्हेनिसमध्येच पटकथेचा पुरस्कार मिळाला. पण व्हेनिसच्या प्रेक्षकाला उपशीर्षकं वाचून यातलं किती कळलं असेल? कांबळेची मराठी, नूतनची मराठी आणि शर्मिलाची मराठी यांत किती अंतर आहे, बचाव पक्षाचा वकील स्वतःच्या अशिलाच्या भाषेत अवघडतो म्हणजे काय होतं, शाहिराच्या कोणत्या ओळीवर वस्तीतले म्हातारे मान डोलावतात, हे वाचायला आपणच हवेत. हा चित्रपट आपल्यासाठीच केलेला आहे आणि आपणच तो नीट पाहिलेला नाही.

नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते, कवी आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक होते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने ते गेले. न्यायालयात उभं राहून त्यांचा कांबळे हो-नाही एवढंच बोलतो, पण त्या उभं राहण्यात अभिनयशाळेत न शिकवलं जाणारं काहीतरी आहे. अशा माणसाला या भूमिकेसाठी शोधून काढणं, हीसुद्धा ताम्हाणेंची दिग्दर्शकीय दृष्टी आहे.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, पहिल्या चित्रपटानंतर त्यांनी कामाचा पसारा नाशिकला आणला आणि १९४४ मध्ये ते इथेच वारले. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. त्यांचा वारसा सांगणाऱ्या शहराने गंभीर मराठी चित्रपट पाहण्याची आणि त्यावर वाद घालण्याची जागा राखायला हवी. मोठ्या पडद्यावरचा आठवडा हुकला की असा चित्रपट आपल्याकडे मोबाइलवर, एकेकट्याने, मध्येच थांबवत पाहिला जातो, आणि 'कोर्ट' तसा पाहणं म्हणजे न पाहणंच. ज्या शहरातल्या छापखान्यात कोर्ट फी स्टॅम्प आणि मुद्रांक छापले जातात, तिथल्या वकिलांनी, विधी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी आणि शाहिरांनी तरी तो एकत्र बसून पाहावा. वामनदादांच्या गाण्यांचा कार्यक्रम आधी ठेवावा, कवी गोविंदांच्या त्या कविताही वाचाव्यात. मग चित्रपट लावावा आणि शर्मिला पवारची साक्ष संपल्यावर थांबवावा. विद्यार्थ्यांना वहीत लिहायला सांगावं की सरकारी वकिलाच्या जागी तुम्ही असता तर पुढचा प्रश्न कुणाला आणि काय विचारला असता. ती उत्तरं मोठ्याने वाचून झाल्यावर उरलेला चित्रपट पाहावा.